उलटी पंगत

२ जुलै
आजपासून रोजनिशी. आमच्या युनिव्हर्सिटीचे फादर मार्टिस दर वर्षी पहिल्या आठवड्यात सांगतात, की त्यांच्या जेझुइट संघाचे पाद्री रोज पाच मिनिटं एक्झामेन करतात. म्हणजे दिवसाची उजळणी. आज चांगलं काय झालं, कुठे घसरलो, उद्या काय. नियम एकच, स्वतःशी थापा मारायच्या नाहीत. फादर कोर्लईचे आहेत, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात.
गेल्या वर्षी मी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. आता एम.ए.चं शेवटचं वर्ष. शिवाय मला हे सोपं जाणार, मी मुळातच स्पष्ट माणूस.
उद्यापासून: पाचला उठणे. बीचवर धावणे. 'हाय-न्हाय' बंद, शुद्ध बोलणे. आश्लेषाशी बोलणे.

३ जुलै
पावणेदहाला उठलो. बीच जागच्या जागी असणार, धावायला जाऊन काय बघायचं? आश्लेषाशी बोललो नाही, तिच्या बाजूला बसलो. मध्ये माझा रूममेट विनेश होता.

९ जुलै
बोलली! आपणहून!
(आश्लेषा: नागावची, घरी नारळाची वाडी, वाडीत होमस्टे. माझ्याच वर्गात. हे कायमचं लिहून ठेवतो, म्हातारपणी वाचायला बरं.)
कॅन्टीनच्या लायनीत वळून म्हणाली, केतन, तुझी आई धवलारीण आहे ना? म्हटलं, हाय. मग म्हटलं, आहे. आमच्या आगरी लोकांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांवर. माझी आई, कमळ, खारेपाटातली नंबर एकची धवलारीण. तिचा आवाज चढला की भटजी खाली बसतात.
आश्लेषाला तिच्या प्रबंधासाठी धवले रेकॉर्ड करायचेत. वरवर प्रबंध. पण जगात इतके विषय पडलेत, भात, मासे, मिठागरं, नि या मुलीला लग्नाचीच गाणी हवीत, नि तीही माझ्याच आईची. मी काही कुक्कुलं बाळ नाही.

२१ जुलै
आईने चक्क नकार दिला. फोनवर म्हणते, लगीन असल्याबिगर मी धवला म्हनत न्हाय, उगा मशीनम्होरं गायला मी काय रेडिओ हाय? तिचा हा नियम जुना. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तर घरी आले होते, त्यांनाही चहा पाजून परत पाठवलं होतं.
आश्लेषाला सांगितलं. म्हणाली, मी वाट बघेन.
मी वाट बघेन! हे वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलंय.

५ ऑगस्ट
जिम लावली. ट्रेनर म्हणाला, पहिल्या दिवशी इतकं नको. मी ऐकलं नाही.

६ ऑगस्ट
हात वर होत नाहीत. विनेशने केस विंचरून दिले. विनेश माणगावचा, माणूस साधा आहे, पण त्याला जग कळत नाही. आश्लेषाने मेसेजमध्ये पिवळं हृदय पाठवलंय, तर म्हणे पिवळं म्हणजे मैत्री. अरे, हळद कुठल्या रंगाची असते?

१२ सप्टेंबर
आज मेसमध्ये उलट्या पंगतीची चर्चा निघाली. आमच्या युनिव्हर्सिटीची ही सगळ्यात जुनी प्रथा. पंधरा फेब्रुवारीला आमच्या संताचा सण. त्या दुपारी कुणीच आपलं ताट आपण वाढून घ्यायचं नाही. कॅम्पसवरच्या प्रत्येकाने एकच ताट भरायचं नि या वर्षात ज्याचं आपल्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे त्याच्यासमोर नेऊन ठेवायचं. न बोलता. एका माणसापुढे एकच ताट. तुमच्यापुढे ते मित्र ठेवेल, माळी ठेवेल, नाहीतर कुणीच नाही. ज्यांच्यापुढे काहीच येत नाही ते किचनमध्ये फादर लोकांबरोबर जेवतात आणि मग सगळ्यांची भांडी घासतात. दर वर्षी असे दोन-चार बिचारे असतातच.
या पंगतीत किती जोड्या जमल्या त्याची गणती नाही.
विनेश म्हणाला, मी तर तुझ्यापुढेच ठेवणार बाबा, तू नसतास तर मी फर्स्ट इयरलाच पळून घरी गेलो असतो. मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. म्हटलं, तुझं दुसरीकडे ठेव, माझी जागा बुक आहे. एका माणसापुढे एकच ताट. आधी याचं आलं तर तिने कुठे ठेवायचं?
त्याचं तोंड थोडं उतरलं. पण प्लॅनिंग म्हणजे प्लॅनिंग.

१६ नोव्हेंबर
आज आश्लेषा आमच्या घरी!!
दिवाळीनंतर तिने आईला परस्पर फोन केले होते. बायकाबायकांचं जमलं. आई म्हणाली, आन तिला. सोबत सुयश होता. सुयश म्हणजे रेकॉर्डिंगचं सामान धरणारा. आपल्याच युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करतो, दाढी आहे, बोलत नाही. आश्लेषा मशीन लावते, हा माइक धरून उभा. असलेला बरा, नाहीतर माइक मला धरावा लागला असता.
आईने तांदळाची भाकरी, जिताड्याचं कालवण केलं होतं. आश्लेषा काटे नीट काढून जेवली. मग आई तिला आत घेऊन बसली, बराच वेळ दोघींचं हळू हळू चाललं होतं. मग सुयशलाही आत बोलावलं, माइकसाठी. मला म्हणाली, तू जाऊन बर्फ आन. बर्फ कशाला लागतो धवल्याला? पण मी गेलो. वडखळपर्यंत जावं लागलं.
आलो तर आई गात होती! आईचा नियम मोडला! दारातच ऐकू आलं, शेवटचं कडवं. लगीन असल्याबिगर न गाणारी बाई गात होती, म्हणजे तिच्या मनात लगीन आहे. साधं गणित. आश्लेषाच्या गालाला हळद होती, डोळ्यांत पाणी होतं. हळद सुयशच्याही गालाला होती. आईचं हे असंच, पातेल्यात उरली की समोर दिसेल त्याला फासते.
बाबा ओटीवर बसले होते, टेम्पोची चावी फिरवत. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाले, पोर चांगली हाय, आपल्या नशिबात न्हाय, आन तो बर्फ विरघळतोय. बाबांना पहिल्यापासून स्वतःवर विश्वास कमी.
उद्या: दोन शर्ट इस्त्रीला.

३ डिसेंबर
आई फोनवर काही सांगायला गेली, केतन, त्या पोरीचं असं हाय... मी म्हटलं, आई, मला सगळं कळतं, तू काही बोलू नकोस, योग्य वेळी सगळं होईल. तिने मग विचारलं, शर्ट नवे घेतलेस का? घेतले म्हटलं. बरं, म्हणाली. आणि फोन ठेवला, एरवी अर्धा तास सोडत नाही.

१९ जानेवारी
धावणे: परीक्षेनंतर. जिम: फी परत मिळत नाही म्हणे. शुद्ध बोलणे: चालू हाय.

१० फेब्रुवारी
सणाला घरच्यांना बोलावलं तर चालतं. आईने स्वतः विचारलं, मी येऊ का? मी नको म्हटलं. कारण जागा कमी असते. शिवाय ती त्या नऊवारीत, मोठ्या आवाजात, आणि त्याच दिवशी आपलं आयुष्य ठरायचं, मला एकट्याला नीट अनुभवायचं होतं. कारण मुख्य जागेचंच.

१४ फेब्रुवारी
माझं ताट कुणापुढे, हा प्रश्नच नाही. समोरासमोर दोन ताटं, ती माझ्यापुढे ठेवणार, मी तिच्यापुढे. न बोलता. मी आरशासमोर न बोलण्याची प्रॅक्टिस केली. विनेश म्हणाला, तोंड मिट, बस्स. याला काही कळत नाही.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४
सविस्तर लिहितो, कारण लोक गैरसमज करून घेतील.
अकरा वाजता कॅम्पसवर आई! निळी नऊवारी, केसांत अबोली. आश्लेषाने बोलावली होती, परस्पर. सुयश रेवदंडा स्टँडवरून तिला बाइकवर घेऊन आला. उपयोगी पोरगा.
पंगत बसली. फादर लोक अ‍ॅप्रन बांधून पुऱ्या तळत होते. आम्ही ताटं भरली. चिकन, पुरी, भात, जिलेबी. मी माझं ताट घेऊन निघालो. आश्लेषा तिचं ताट घेऊन निघाली, माझ्याच दिशेने. मी थांबलो. ती माझ्या बाजूने गेली. मागे आई बसली होती. आईपुढे ताट ठेवलं, वाकून पाया पडली.
मला वाटलं, जागा चुकली. पण मग कळलं. आधी सासू! किती विचारी मुलगी. माझ्यापुढे कुणीही ठेवलं असतं, पण घरात जिचं चालतं तिला हिने ओळखलं.
मी तिच्या जागेकडे वळलो, तर तिच्यापुढे आधीच ताट. सुयशने ठेवलं होतं. माइकचं ऋण, दुसरं काय. आता माझ्या हातात भरलेलं ताट आणि एका माणसापुढे एकच, हा नियम. रस्सा सांडायला लागला होता. समोर एकच रिकामी जागा, सुयशची. ठेवलं त्याच्यापुढे.
तर तो उठला आणि मला कडकडून मिठी मारली. न बोलण्याचा नियम मोडून कानात म्हणाला, तुझ्यासारखा मोठ्या मनाचा माणूस नाही बघितला. डोळे भरलेले. पीएच.डी.वाले थोडे हळवे असतात.
विनेशने त्याचं ताट मेसच्या केसरमावशींपुढे ठेवलं होतं. मावशी ताटाकडे बघून नुसत्या रडत होत्या. तो लांबून माझ्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मी हाताने खूण केली, सगळं ठीक.
आई हाका मारत होती, माझ्यातलं घे. मी नाही गेलो, सगळे बघत होते.
किचनमध्ये जेवलो. फादर मार्टिसनी स्वतः वाढलं, दोन जिलेब्या जास्त घातल्या. भांडी घासली. माझ्याबरोबर आणखी दोघं होते. ते बिचारे.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
आईला स्टँडवर सोडायला गेलो. बस यायची होती. बाकावर बसलो. मी म्हटलं, आई, आज तिने तुझ्या पाया पडून सगळं सांगून टाकलं. आता तू बाबांशी बोल.
आईने पदराच्या टोकातून जिलेबी काढली. तिच्या ताटातली, गाठ मारून आणलेली. खा म्हणाली. मग म्हणाली, तवा ती आली ना नोव्हेंबरात, तवाच तिनं मना सांगितलं. तिचं नि सुयशचं लगीन ठरलं. पन तिच्या घरचं राजी न्हायत, नागावात कुनी मांडव घालनार न्हाय, रजिस्टर करनार. लग्नात कुनी गानारं नसंल म्हनून रडली. मी हळद लावली दोघांना. मी धवला म्हनला तो तिच्या लग्नाचा. मी कुनाचं लगीन असल्याबिगर म्हनत न्हाय, तुला ठाव हाय.
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?
म्हणाली, सांगाया फोन केला तर तू सगळं ठाव हाय म्हनालास. आन तू इतका खुशीत होतास. शर्टांना इस्त्री करत होतास रं. मना जमलंच न्हाय.
बस आली. ती चढली. खिडकीतून म्हणाली, जेव रात्री.
दुखतंय. खूप दुखतंय. आश्लेषा खरोखर आवडते मला, गणित-बिणित काही नाही, ती काटे काढून जेवते तेसुद्धा आवडतं. आणि तिने मला कधी काही म्हटलंच नव्हतं. मी सगळी पानं मागे जाऊन चाळली. खरं काय ते प्रत्येक ठिकाणी लिहिलंय, नि मीच लिहिलंय.
विनेशने मेसमधून ताट आणलं. झाकून ठेवलंय. म्हणाला, आता तर नियम नाही ना?

१८ फेब्रुवारी
धावलो नाही. उठलो नाही. पाचला जाग मात्र आली होती.
आश्लेषाचा फोन. परवा अलिबागला रजिस्टर आहे. साक्षीदारांत एक माणूस ऐन वेळी फिरला, घरच्यांच्या भीतीने. तुझ्याशिवाय कुणाला सांगू, म्हणाली. त्या दिवशी सुयशपुढे ताट ठेवलंस तेव्हाच आम्ही ठरवलं, वेळ पडली तर तूच.
मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार, सगळ्या कॅम्पसने ते ताट बघितलंय.

२० फेब्रुवारी
शर्टाला इस्त्री केली.
बाबांचा टेम्पो घेऊन आईला नेलं. विनेश मागे बसला होता, हौद्यात, फुलांच्या टोपलीबरोबर. ऑफिसात पंख्याखाली उभं राहून सही केली. आश्लेषाने साधी पिवळी साडी नेसली होती. मला म्हणाली, केतन, थँक्यू. मी न बोलता मान हलवली, प्रॅक्टिस होती.
बाहेर पायरीवर आई उभी राहिली आणि सुरू झाली. कार्यालयात कामाला आलेली माणसं थांबली, एक बाई तिच्या मागे मागे म्हणायला लागली. नोव्हेंबरात मी बर्फ आणायला गेलो होतो, आज धवला पहिल्यापासून ऐकला. फार सुंदर म्हणते माझी आई. माझ्या लग्नात ती काय म्हणेल ते मी कितीतरी वेळा मनात ऐकून ठेवलं होतं, ते हेच होतं. मी टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिलो, तिथे रडता येत होतं. विनेश शेजारी येऊन उभा राहिला. त्याने फुलांची टोपली उगाच इकडून तिकडे ठेवली.
शिपायाने आम्हाला दोघांना पेढे दिले आणि मला विचारलं, तुम्ही कुणाकडचे, मुलाकडचे की मुलीकडचे?
मी म्हटलं, न्हाय, मी आईला घेऊन आलोय.