आईच्या सहीचा फॉर्म

रेल्वे कॉलनी, चरोदा
१२ जुलै २०२४

प्रिय रोशनी,

दादाचा आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुर करून राहिले. मी बी बरा. होस्टेलची भाजी टाकून देते का तू? टाकत असशील तर आईले सांगीन, मग पाहा.

शाळेचा फॉर्म मिळाला. नववीतच विचारून राहिले बाप्पा, कोणता विषय, कोणतं कॉलेज, पुढं काय. तू सगळे रकाने भरले अन् 'काय व्हायचं' तिथं लिहिलं, 'लवकर नोकरी लागेल ते. दादा ठरवेल.' मी पेन घेऊन बसलो, पण सही करता आली नाई. काही दिवस फॉर्म फ्रिजवर पडून होता. मी तिकडं न पाहता पाणी घेई.

असाच फॉर्म मी नववीत आणला होता. तू चार वर्षांची होती. मी लिहिलं होतं, 'नकाशे काढणारा'. बाबा यार्डातून ड्युटी करून आले, फॉर्म पाहून हसले. म्हणाले, "चहा पिऊन सही करतो." आईनं चहा ठेवला, अन् बाबा खुर्चीतच गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. एवढं तुले माहीत आहे. फॉर्मचं कोणी सांगितलं नसेल.

अठरा पूर्ण झाले तसा मी बाबाच्या जागेवर लागलो. बाबाच्या सोबतचे रामाजीकाका अजून मले बाबाच्याच नावानं, 'मारोत' म्हणून हाक मारतात, अन् मी 'हो' म्हणतो. लॉकरवर दोनदा रंग मारला, तरी माझ्या नावाखाली बाबाचं नाव दिसते. डबे जोडताना मागून कोणी म्हणते, "हात सांभाळ, प्रितम." वळून पाहतो तर कोणी नाई. पहिल्या वर्षी भेव वाटे. आता ज्या दिवशी ऐकू येत नाई, त्या दिवशी जास्त वाटते.

कॉलनी म्हणते, प्रितमनं घरासाठी शिक्षण सोडलं. तुले बी तसंच वाटते, अन् मी वाटू देतो. खरं वेगळं आहे, रोशनी. ती नोकरी आई करणार होती. दहावी पास होती, युनियनवाल्या देवरावजींनी कागदपत्रं बी आणून दिली होती. मीच आडवा आलो. चौदा वर्षांचा पोट्टा, म्हणालो, "तू यार्डात माणसांमध्ये काम करशील? मी शाळेत तोंड कसं दाखवू?"  तिसऱ्या दिवशी आईनं जागा पोरासाठी ठेवा म्हणून लिहून दिलं, अन् चार वर्षं सुपेला बाजारातल्या दुकानाचे ब्लाउज शिवले.

रविवारी तुझ्या फॉर्मपायी माझा जुना फॉर्म शोधला. पेटीत माझ्या भूगोलाच्या वहीत होता, पालकाचा रकाना कोरा. वहीची मागची पानं मात्र भरलेली. सिंधू मारोतराव नेवारे, सिंधू मारोतराव नेवारे. आधी वाकडं अक्षर, मग सरळ, शेवटच्या पानावर एका दमात केलेली झोकदार सही. नोकरीवर लागेल म्हणून आई सही घोटत होती. माझ्याच वहीत, अन् मले पत्ता नाई.

वही तिच्यापुढं ठेवली. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आता कावून काढलं हे?" मी माफी मागितली. रडलो बी, तुझ्यापासून लपवत नाई. ती म्हणाली, "पोळी जळून राहिली, उलटव." मी उलटवली. मग हात धुऊन तिनं विचारलं, "पोरीचा फॉर्म कुठं आहे?"

आजवर तुझ्या सगळ्या कागदांवर पालक म्हणून मीच सही केली. या वेळी आईची आहे, नीट पाहजो. झोक वहीतलाच आहे. 'काय व्हायचं' मधलं तुझं वाक्य मी पुसून टाकलं, पेन्सिलनं लिहिलं होतं ते बरं झालं. तिथं तू लिहिजो. मले विचारू नको, आईले विचारू नको. लवकर का उशिरा, ते बी पाहू नको. आईनं रकाना कोरा पाहूनच सही केली आहे.

पुढच्या शनिवारच्या आत शाळेत देजो.

आपल्या जुन्या फॉर्मवर अजून सहीची वाट पाहणारा,
तुझा दादा
प्रितम