गमछ्याचं टोक

४ डिसें. १९६०, रविवार
फर्नेसच्या कबड्डी टीममधी घेतलं मले! कॅप्टन सरदारजी म्हणे, "गजभिये, तू लेफ्ट कोना। टेंभरे का हाथ पकड़ के चेन बना।" गावी पाटलाच्या पोरांचा हुतुतू दुरून पाहिला नुसता, रिंगणात पाय ठेवू दिला नाही कोणी. अन् इथं पोलादाच्या कारखान्यात चक्क साखळीत!
टेंभरे आपल्या भंडाऱ्याकडचाच, शेतकऱ्या घरचा. आडनाव ऐकलं का गाव, मोहल्ला, जात, सगळं समजते त्याले. हात नाही दिला. गमछ्याचं टोक दिलं. दुसरं टोक त्याच्या मुठीत.
धरलं. काय करू?
घरी बायको, सुमन, म्हणे, सोडून द्या न तो खेळ. हट्! एकदा निघालो त पुन्हा कोण घेते?

७ डिसें., बुध.
बी शिफ्ट. लोखंड काढलं. रोज पाहतो, तरी बापा, छाती भरून येते! भट्टीच्या तोंडाची माती फोडली का उजेडच धावत सुटते नालीतून. सगळ्यांची तोंडं लालभडक, कोण कुठला ओळखू येत नाही. मी अन् टेंभरे एकाच सळईवर, खांद्याले खांदा लावून.
विचारलंच. "कावून गा, सळई चालते अन् हात नाही चालत?"
"घरी माय हाये, गजभिये."
हे काय उत्तर झालं! माय तिकडे गावी, हा इथं. तिले कोण तार करून राहिलं?
आमाले दीक्षा घेऊन चार वर्षं झाली. आमच्या डोक्यातून जात गेली, याच्या डोक्यातून कधी जाते?

११ डिसें., रवि.
कोक ओव्हनवाल्यांशी मॅच. कॉलनीतला आमचा सेक्टर अख्खा जमला. अंपायर शिटी मारत आला. "ये गमछा काहे का? हटाओ।" समोरचे फिदीफिदी हसले. सरदारजी तापला, "टेंभरे, हाथ पकड़, नहीं तो बाहर जा!"
टेंभरे लाइनीकडे पाहत होता. वाटलं, चालला हा. मी हात पुढं केला नाही. मीच कावून करायचा? लोंबू दिला.
तेवढ्यात त्यांचा गडी कबड्डी-कबड्डी करत सरळ माह्याच कोपऱ्यात घुसला. अन् टेंभरेनं धरला! माहा हात! गच्च, बोटांत बोटं घालून. घामेजलेला, गरम, घट्टे पडलेला हात. दोघांनी मिळून गुंडाळलं त्या गड्याले, धुळीत पडलो, तरी सोडला नाही त्यानं.
बाप्पा रे! एवढा प्लांट उभा राहताना पाहिला, पण असं काही पाहिलं नव्हतं. पुढच्या चढाईत मी त्या हाताकडेच पाहत राहिलो अन् बाद झालो. सरदारजीनं शिव्या घातल्या. घालू दे.
जिंकलो.
मग नळावर टेंभरे हात धुवाले बसला. सगळेच धूत होते, धूळ होतीच. पण त्यानं लय घासले. का मलेच तसं वाटलं? गमछा खांद्यावर टाकून सायकलवर गेला.
सुमननं भात वाढला. "हात धुवा न, थंडा होऊन राहिला." उठलोच नाही. त्याच हातानं हे लिहून राहिलो.
बुधवारी प्रॅक्टिस. तिथं गमछा हटवाले अंपायर नसते.