तुमच्या नावाचं सभागृह

बाबा,

छावणीतल्या सभागृहाला तुमचं नाव लागणार नाही. ते मी लागू दिलं नाही. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून लिहायला बसले आहे, आणि मराठीत लिहिते आहे, कारण माझी भांडायची भाषा हीच. सिंधी तुम्ही मला कधी शिकवली नाहीत. ती तुम्ही सीमेपलीकडची माणसं ऐकण्यासाठी राखून ठेवलीत.

तुमची गोष्ट इथं पुष्कळांना पाठ आहे. लहानपणी आजीचा हात धरून कराचीहून बोटीनं आलात. तुमचे वडील मागं राहिले ते राहिलेच. कल्याणजवळच्या निर्वासितांच्या बराकीत, गोणपाटाच्या पडद्याआड वाढलात, दारोदार पापड विकलेत, शिकलात आणि फौजेत गेलात. फौजेला तुमच्या खांद्यांपेक्षा तुमचे कान जास्त हवे होते. वाळवंटातल्या ठाण्यावर पलीकडचं बिनतारी बोलणं ऐकून, बोलणारा कुठल्या मुलखातला ते तुम्ही सांगायचात. युद्धात पकडलेल्या माणसांवर तुम्ही कधी हात उगारला नाहीत. त्यांना चहा द्यायचात, त्यांच्या आईची विचारपूस करायचात. "माणूस लपवत नसतो, कुणीतरी नीट विचारावं म्हणून थांबलेला असतो," असं जेवताना आम्हाला सांगायचात. असं करत करत बराकीतला तो मुलगा लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात अगदी वरच्या खुर्चीवर जाऊन बसला. मला त्याचा अभिमान होता. त्यातलं काही खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही.

आणखी एक प्रसंग तुम्ही सांगायचात. तरुण अधिकारी म्हणून इथल्या छावणीत असताना आईला मागणी घालायला तिच्या गुलमंडीतल्या घरी गेला होतात. कापडाच्या दुकानामागच्या खोलीत आजोबांनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" तुम्ही नाव सांगितलंत. "ते आता परदेशात गेलं," आजोबा म्हणाले. "ज्याला गाव नाही त्याला मुलगी कशी द्यायची?" आईला मग घर सोडून तुमच्याकडं यावं लागलं. हे सांगताना दर वेळी तुमचा घास हातातच राहायचा. मला वाटायचं, ज्यानं हे सोसलं तो दुसऱ्यावर ही वेळ आणणार नाही.

विद्यापीठात शिकत असताना मी गंगापूरकडच्या एका मुलाशी लग्न करायचं ठरवलं. तुम्हाला तो आठवत असणार, तुम्ही काहीच विसरत नव्हतात. बौद्ध घरातला, वडील लवकर गेलेले, आई उसाच्या फडात कामाला. नायब तहसीलदार म्हणून त्याची निवड झाली होती, नेमणुकीचा हुकूम तेवढा यायचा होता. तुम्ही दिल्लीहून सुट्टीवर आला होतात. गारखेड्याच्या घराच्या व्हरांड्यात तुम्ही त्याला बसवता. मी चहा आणते. त्याच्या कपात साखर तुम्ही स्वतः घालता.

"गाव कुठलं म्हणालास?"

"गंगापूरच्या पुढं, सर. गोदावरीच्या अंगाला."

"घरात आणखी शिकलेलं कोण?"

"माझे चुलते. नामांतराच्या मोर्चात ते तुरुंगात जाऊन आले. त्यांनीच मला शिकवलं."

तो ताठ बसून अभिमानानं सांगत होता आणि तुम्ही मान डोलावत होतात. चुलत्यांकडं कोण येतं-जातं, त्याच्या खोलीवर कोण कोण राहतं, काय वाचतात, हे सगळं तुम्ही इतक्या मायेनं विचारलंत की दाराआड उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं. निघताना तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात.

त्याचा हुकूम आलाच नाही. पोलिसांच्या पडताळणीत अहवाल वाईट गेला, एवढंच कळलं. तो विद्यापीठाच्या फाटकाशी मला म्हणाला, "आपलं जमायचं नाही," आणि पुन्हा भेटला नाही. मी घरी अंथरूण धरलं तेव्हा तुम्ही उशाशी येऊन बसलात. "बेटा, जो तुझ्यासाठी लढला नाही त्याच्यासाठी रडायचं नसतं." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. लग्न केलं नाही. आई गेली, मग तुमचं एक अंग लुळं पडलं. मी तुमचं तोंड पुसलं, तुम्हाला खिचडी भरवली. तुम्ही माझा हात धरून नुसते बघत राहायचात. तुम्हाला बोलता येत होतं, बाबा. पाणी मागता येत होतं, उशी बदलायला सांगता येत होतं.

तुम्ही गेल्यालाही आता खूप वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात इथल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी नव्या सभागृहाला तुमचं नाव द्यायचं ठरवलं आणि मला भाषण करायला सांगितलं. आठवणी विचारायला मी पूर्वी तुमच्या हाताखाली असलेल्या एका सुभेदारांना घरी बोलावलं. म्हातारे झालेत, पण तुमचं नाव काढलं की अजून पाठ ताठ करतात. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊकच आहे.

"साहेबासारखा बाप नाय पाहिला, ताई," ते म्हणाले. "त्या गंगापूरच्या पोराचंच बघा की. चुलत्याची खबर काढाया साहेबानं मलाच गावात धाडलं व्हतं. काय बी निघालं नाय. मानूस लई सरळ. मी तसंच येऊन सांगितलं."

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढं सरकवली. "मग काय म्हणाले बाबा?"

"म्हनले, नसलं तरी चालंल. अन् तितंच, छावणीतल्या हापिसातनं, पोलिसांच्या सायबाला फोन लावला. लेकीसाठी एवढं कोन करतं?"

मी आवाज चढवला नाही. दुसराच विषय काढला, थोड्या वेळानं फिरून तिथंच आले, पुन्हा आले. ही विद्या तुमचीच. शेवटी त्यांनी राहिलेलंही सांगितलं. फोन खाली ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "पोरगी चार दिवस रडेल आणि विसरेल."

दुसऱ्या दिवशी मी गंगापूरची एसटी धरली. तो एका खाजगी शाळेत शिकवून निवृत्त झालाय. त्याच्या बायकोनं मला आत नेऊन पाणी दिलं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. मी तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "पोलिसांनी चौकशीत जे जे विचारलं, ते मी तुमच्या व्हरांड्यातच बोललो होतो. दुसरीकडं कुठंच नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बाप नसला की कसं होतं, ते मला माहीत होतं." मग म्हणाला, "माझं सोड. चुलते मरेपर्यंत म्हणायचे, माझ्या तुरुंगापायी पोराची नोकरी गेली. ते तसंच मनात घेऊन गेले."

त्यानं तुम्हाला माफ केलं असावं. त्याचा तो मुखत्यार. मी केलं नाही.

समारंभाला सगळे आले होते. बाहेर पाटीवर कापड, आत तुमच्या गणवेशातल्या फोटोला हार. मी आधी तुमची कीर्ती सांगितली, बोट, बराक, वाळवंट, सगळं. टाळ्या झाल्या. मग व्हरांडा सांगितला. मग फोन. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ये घर की बात है."

"नाही साहेब," मी माइकमध्येच म्हणाले, "ही सरकारी फोनवरची बात आहे."

गंगापूरकडच्या त्या चुलत्यांचं पूर्ण नाव आणि गाव मी मोठ्यानं घेतलं आणि त्या माणसात काही खोट नव्हती हे सांगितलं. मी बोलावलं म्हणून त्यांचा पुतण्या आला होता, मागच्या रांगेत बायकोशेजारी बसला होता. तिनं डोळ्यांना पदर लावला. सुभेदार भिंतीला धरत बाहेर गेले. त्यांची मला दया आली, तुमची नाही. पाटीवरचं कापड कुणी काढलंच नाही. आठवड्यानं फोन आला की नाव द्यायचं सध्या राहू दे. तुमचा फोटो मी रिक्षात घालून घरी आणला आणि जुन्या कूलरमागं ठेवला.

हा कागद मी तुमच्या फोटोपुढं ठेवणार नाही. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सरकवीन, रद्दीवाला घेऊन जाईल. केल्याचा मला पस्तावा नाही. उलट भाजी चिरताना ते सभागृह आठवतं आणि बरं वाटतं. फक्त एक कबूल करते, बाबा. तुम्ही त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेले असतात, तर टाळ्या झाल्यावर मी गप खाली बसले असते.