पेलाभर पाणी

जर्मनी, १२ जून १९९६

आई, तुला सुयशचा जय भीम.

मी बरा हाय. हितं हवा गार हाय, खायला भरपूर हाय. तुझा गुडघा कसा हाय? म्हस व्याली का?

आमची वल्हवायची शर्यत झाली न्हाय. हलक्या वजनाच्या नावेत दोघांचं मिळून एकशेचाळीस किलोच्या वर चालत न्हाय. आमचं दोनशे ग्रॅम जादा भरलं. जाड जाकिटं घालून तासभर पळलो, पण अंगातून घामच निघंना. तेवढ्यात वजन करायची वेळ संपली. बाकीच्या नावा सुटल्या. मी काठावरून बघत हुतो. मला काहीच वाटलं न्हाय, रडूबी आलं न्हाय.

माझा जोडीदार, काटेवाडीचा रणजित, शेजारीच बसला हुता. वजन उतरावं म्हणून दोन दिवस आमी पाणी तोडलं हुतं. मी त्याला खरं सांगितलं, "सकाळी मी गुपचूप पेलाभर पाणी प्यालो."

त्यानं अंगातलं जाकीट काढलं. मग म्हणाला, "मीबी प्यालो."

मग आमी जेवायला गेलो.

पोरगं जिंकून येणार म्हणून दादांनी गावभर सांगून ठेवलं असंल. त्यांना एवढंच सांग, तुमचं पोरगं पोटभर जेवतंय.

तुझाच,
सुयश