पाठीवरचे पट्टे

क्लातेन, गुरुवार सकाळ

प्रिय वेनिंग,

बाबांना घरी आणून आज अकरा दिवस झाले. त्यांचं अंग पुसून, त्यांना पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवून मी लिहायला घेतलंय. मध्येच उठावं लागेल, तेव्हा अक्षर बिघडलं तर समजून घे.

सध्या घर म्हणजे नुसती मनाईची यादी आहे. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पाण्याचा तांब्या उचलायचा नाही, कुशीवर वळायचं नाही. छातीचं हाड तारेने बांधलंय, ते सांधायला तीन महिने लागतील. हृदयाला जोडायला ज्या पायातून शीर काढली, तो संध्याकाळी भोपळ्यासारखा सुजतो. खोकला आला की छातीशी उशी गच्च धरायची, हे डॉक्टरांनी सांगितलंय. कोंबडीचं पातळ सूप, मीठ नसलेलं, मिरची नसलेली भाजी. दोन घास खाऊन म्हणतात, तोंडात खिळे ठेवल्यासारखं लागतंय. त्यांना शौचाला खाली बसता येत नाही म्हणून तुग्यो सुताराकडून भोकाची खुर्ची करून घेतली. ती आली तेव्हा बाबा म्हणाले, "चला, सुलतानांचं सिंहासन आलं. आता दरबार कुठे भरवायचा तेवढं सांगा." मी खूप हसले. दवाखान्यातही त्यांनी आरशात छाती बघून डॉक्टरांना ऐकवलं होतं, "टाके सरळ आहेत, पण तुम्ही माझ्या शिवणाच्या दुकानात असतात तर दोरा बारीक घ्यायला लावला असता."

खुर्चीचा तो विनोद पहिल्या दिवसाचा. त्यानंतर एकही नाही. रोज फाटकापर्यंत पाच फेऱ्या मारायच्या आहेत. चाललं नाही, खोकून कफ काढला नाही, तर फुप्फुसात पाणी धरेल आणि पुन्हा भरती व्हावं लागेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय. सुरुवातीला दोन फेऱ्या व्हायच्या. गेले चार दिवस ते उठतच नाहीत. "उद्या बघू," म्हणतात. ऑपरेशननंतर माणसं अशी खचतात, विनाकारण रडतात, असं परिचारिकेने सांगितलं होतं, म्हणून दोन दिवस मी त्यावरच विसंबले. पण त्यांचं रडणं विनाकारण नाही. फोन वाजला की त्यांची मान वळते. तुझा नसला की पुन्हा खिडकीकडे. बातामला परत जाताना तू त्यांचा हात कपाळाला लावून निरोप घेतला नाहीस.

रविवारी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. दवाखान्यात त्या ट्रक भाड्याने करून आल्याच होत्या, पण घरी येऊन बघितल्याशिवाय त्यांचं समाधान कसलं. एकतीस जणी, बिस्किटांचे डबे, केळी, साखरेची पाकिटं. बाबा दीड तास ताठ बसून प्रत्येकीला हसून उत्तर देत होते. सुमिर्नीबाईंचा आवाज तुला ठाऊकच आहे. "हर्सोनोभाऊ, बायकोचं ऐकायचं असतं हो! ती बिचारी दवाखाना दवाखाना करत होती आणि तुम्ही बसलात अंगातला वारा काढायला नाण्याने पाठ खरवडून घेत! वारा नव्हता, यमदूत होता तो!" सगळ्या खो खो हसल्या. दुसरी कुणी म्हणाली, "शिंप्याचं असंच. दुसऱ्याचं माप घेईल, स्वतःचं नाही." बाबाही उशी धरून हसले, म्हणाले, "चुकलंच माझं. आता कान धरतो." मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. चहा गाळून झाला होता, तरी मी बाहेर आले नाही.

तू दवाखान्यात जे बोललीस तेही जवळपास हेच होतं, फक्त हसू नव्हतं. "तुमच्या हट्टापायी आईला विधवा करायला निघाला होतात. माणसाने इतकं स्वार्थी असावं?" ते छताकडे बघत राहिले. मी तुझ्या दंडाला धरून तुला बाहेर नेलं. बाहेर नेलं, आणि तेवढंच केलं.

आता झटका आला त्या सकाळचं लिहिते. गेले तीन आठवडे रोजनिशीत मी हवा, औषधं, ताप एवढंच लिहिते आहे. त्या दिवसाचं पान कोरं आहे. पहाटेच्या नमाजानंतर बाबा घामाने भिजले होते. डावा हात जड झालाय, जबडा दुखतोय, म्हणाले. आणि मग, "ऐक ना, दवाखान्यात जाऊन येऊ या का?" हे त्यांनी म्हटलं, वेनिंग. मी नाही. मी म्हटलं, "काल संध्याकाळी उघड्या अंगाने ओट्यावर बसलात, वारा शिरलाय, दुसरं काही नाही. सुट्टीच्या दिवशी कोण बसतंय तिथल्या रांगेत?" मी त्यांना पालथं झोपवलं, पाठीला तेल लावलं आणि नाण्याने खरवडायला घेतलं. पट्टे गडद लाल उठले, जवळजवळ जांभळे. तुला माहीत आहे, रंग जितका गडद तितका वारा जास्त. मला बरं वाटलं. त्यांना उलटी झाली तेव्हा मी म्हटलं, "बघा, निघाला." त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी आल्याचा काढा दिला. असे दोन तास गेले, मग कुठे मी त्यांना दवाखान्यात नेलं. मी पदवीधर बाई, शाळेचं ग्रंथालय सांभाळते, आरोग्याची पत्रकं स्वतःच्या हाताने फळ्यावर लावते.

दवाखान्यात परिचारिकेने त्यांची पाठ बघून विचारलं, "हे कुणी केलं?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला सारला. "मीच मागे लागलो. ही नको म्हणत होती." डॉक्टर म्हणाले, तास-दोन तास आधी आणलं असतं तर हृदयाचा बराच भाग वाचला असता. ते वाक्य त्यांनी बाबांकडे बघून म्हटलं. पुढे ही गोष्ट सुमिर्नीबाईंकडे, तुझ्याकडे, सगळीकडे तशीच गेली आणि मी एकदाही ती अडवली नाही. आधी वाटलं, त्यांचा जीव वाचू दे, मग सांगू. मग वाटलं, ते बरे होऊ देत. खरं तर मला ते सोयीचं होतं. काल मी त्यांना म्हटलं, वेनिंगला सांगून टाकते. ते म्हणाले, "काही नको. पोर एवढ्या लांब एकटी राहते. तिला आईचा आधार आहे, तो कशाला काढून घेतेस? बापावर रागावते, तर रागावू दे."

म्हणून त्यांना न विचारता हे लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं तर मी रडले असते, तू घाबरून "जाऊ दे आई" म्हणाली असतीस आणि दोन मिनिटांत मी सुटले असते. तसं सुटायचं नाही मला. हे पत्र दोनदा वाच, हवं तितके दिवस माझ्याशी बोलू नकोस. पण बाबांना आजच फोन कर. माझ्या पत्राचं काही बोलू नकोस, माफीही मागू नकोस, त्यांना ते झेपायचं नाही. जेवलात का, एवढंच विचार. मी आत्ता बाहेर डोकावले. ते फाटकाकडे बघत बसलेत, चपला पायात आहेत, पण उठत नाहीत.

तुझ्या रागाची खरी धनी,
तुझीच आई