शांत बाळं

३ जून
आज कामाला लागले. प्रसूतिगृहात दारालगतची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकी उघडली की लगेच उडणारे कागद. नाव घालायला येणाऱ्या गरोदर बायकांना प्रश्न विचारून त्यांची कार्डं भरायची. मोठ्या सिस्टर मला पदवीधरबाई म्हणतात. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच, हे मी त्यांना सकाळपासून दोनदा सांगितलं, म्हणून. रुजू होताना माझाही एक फॉर्म होता. रुबेलाची लस घेतली आहे का? आठवेना. ‘नाही’ लिहिलं असतं तर लस घेऊन महिन्याने या म्हणाले असते. ‘हो’ लिहिलं.
राहते ताईकडे. तिला दुसरा महिना आहे. भाऊजी म्हणाले, आता घरातच तज्ज्ञ आली, काळजी मिटली.

१२ जून
अंग जरा गरम. कानामागे गाठी, हातांवर बारीक लाल पुरळ. लांब बाह्या घातल्या, घरीही. एवढ्या उकाड्यात हे काय, असं सिस्टरांनी विचारलं. फॅशन म्हटलं, तर म्हणाल्या, शिकलेल्यांचं सगळंच न्यारं. नव्या नोकरीत आठवड्यात रजा कशी मागायची?
आज एकवीस कार्डं भरली. एक प्रश्न असा आहे: पुरळ आलेल्या माणसाशी संपर्क आला होता का? सगळ्या म्हणाल्या, नाही. मीही लिहिलं, नाही. एकीला रडू आवरेना, तिचे दोन्ही हात हातात धरून बसले. अशा कामासाठीच तर शिकले.

१५ जून
पुरळ गेलं. उष्णतेचं असणार.

४ जुलै
ताईला दोन दिवस कणकण होती. गालावर लाल ठिपके. ती हसून म्हणाली, बाळाचं तेज चढलंय.
माझ्याच ड्रॉवरमधली रुबेलाची पुस्तिका आज पहिल्यांदा वाचली. आईला दोन दिवसांचा ताप, पण पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय. पुरळ येण्याआधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर पसरतो. आईचं रक्त वेळेवर तपासलं तर कळतं, पुढचं ठरवता येतं.
उद्या सिस्टरांना सांगते. ताईलाही.

५ जुलै
सांगायलाच निघाले होते. बाबांचा फोन आला. शेजाऱ्यांना सांगत सुटलेत, आमची पोर दवाखाना चालवते. उद्या नक्की.

२० ऑगस्ट
ताईचं पोट दिसायला लागलं. उद्या.

९ जानेवारी
जूनच्या कार्डांतली पहिली बाळंतीण. सिस्टर बाळाच्या कानाशी छोटी घंटी वाजवतात, बाळ दचकतं. हे दचकलं नाही. सिस्टर त्याच्या आईला म्हणाल्या, शांत बाळ आहे, तुला झोपू देईल.
त्याने डोळे उघडले. बाहुलीत दुधाचा थेंब पडावा तसं पांढरं.
जिचे हात धरले होते, तीच ही.

१४ जानेवारी
तिसरं शांत बाळ. सिस्टरांनी आज चेष्टा केली नाही. घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, खाली ठेवली.
डॉक्टरांनी जूनची कार्डं मागवली. माझ्या सुवाच्य अक्षरात एकाखाली एक — नाही. नाही. नाही. डॉक्टर म्हणाले, सगळ्या एकाच ठिकाणी कुठे गेल्या असतील? माझ्या टेबलाला टेकूनच उभे होते.

२२ जानेवारी
ताई आमच्याच प्रसूतिगृहात बाळंत झाली. मुलगी.
भाऊजी सगळ्यांना सांगताहेत, किती शांत आहे, दार आपटलं तरी हूं नाही की चूं नाही. ताई म्हणाली, मावशीवर गेली नाही म्हणायची.
डोळे अजून मिटलेले. घंटी माझ्या पिशवीत आहे. वाजवली नाही —

२३ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, बहिणीचं कार्ड पुन्हा भर, नीट विचारून. शेवटचा, पुरळाचा प्रश्न विचारला. ताई म्हणाली, नाही लिही, मी कुठे बाहेर पडले होते? घरात तर तूच —
ती माझ्या बाह्यांकडे बघतेय.
बाळ जागं झालं. डोळे उघडतंय —
पेन ‘हो’ वर आहे. ताई, जूनमध्ये मला —