रागाचा उपास

ती. रेव्हरंड फादर दादास,

लोणारहून तुझ्या धाकट्या बहिणीचा प्रभूच्या नावाने नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वेदीपुढे गुडघे टेकताना तू 'आई गं' म्हणतोस ते माइकवरून शेवटच्या बाकापर्यंत जातं, असं तुमच्याच सिस्टरनी कळवलंय. तेल लावत जा. इकडे सर्व कुशल आहे. (मोबाइलवर पाठवलेलं आमचा मुलगा जीवन वाचतो, म्हणून हा कागद.)

तर राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून मी शाळेत गेले आणि स्टाफरूममध्ये बोलून बसले, की यंदा उपवासकाळात मी नुसतं मटण नाही, राग सोडणार आहे. ईस्टरपर्यंत कुणावर ओरडणार नाही. इतकी वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईने असलं काही कबूल करू नये, पण तोंडातून गेलं ते गेलं. इथल्या लोकांचं असं, की उपास कुणीही धरो, तो सांभाळायची जबाबदारी सगळं गाव घेतं. आमच्या शिपायाने, शालिग्रामने, पटांगणात उभं राहून जाहीर केलं, "मॅडमचा रागाचा उपास हाय, कोनी मोडू नका बे." त्यावर नववीच्या वर्गाने माझी परीक्षा घ्यायची म्हणून गृहपाठच बंद केला. मुख्याध्यापक भगवानराव तर हात जोडूनच येतात. मतदारयादी, स्नेहसंमेलन, शाळेच्या संडासांचे फोटो अ‍ॅपवर चढवणं, सगळं माझ्याकडे. मी तोंड उघडलं की म्हणतात, "संतापू नका मॅडम, उपास मोडन तुमचा." देवाचं नाव घेऊन मास्तरणीकडून इतकं काम करून घेता येतं, हे सरकारला अजून कळलेलं नाही.

शेजारच्या कौशल्याबाई दर शुक्रवारी साबुदाण्याची उसळ, भगर आणि रताळ्याचा शिरा पाठवतात. आमचा उपास म्हणजे एकच जेवण आणि मटण नाही, असं मी त्यांना समजावलं. "हाव हाव," म्हणाल्या, "पन उपासाच्या दिवशी बाईनं काही तरी खाल्लं पायजे ना." प्रभूने रानात चाळीस दिवस काढले खरे, पण तिथे त्याला शेजार नव्हता. माझे ब्लाऊज उसवावे लागले आहेत.

या सगळ्यात जास्त फायदा आमच्या चिरंजीवांनी उठवला. आधी म्हणाला, इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. मी पाणी प्याले. मग बाबांची मोटारसायकल सरपंचांच्या बैलगाडीवर घातली. मी जपमाळ ओढली. त्याचे बाबा पेपरमागून म्हणाले, एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच. असं आमचं चाललं आहे.

तुझी,
अनुपमा

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. जीवनला सेमिनरीत जायचंय, तुझ्यासारखं फादर व्हायचंय. मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या कुटुंबांतून पुरोहित निवड म्हणून देवाला विनवत आले ते खरं. (पण मला वाटायचं, चार-चार मुलं असलेल्या घरातून तो घेईल. मला एकच आहे हे त्याला ठाऊक आहे.) तू जीवनला लिही, यंदा जागा भरल्या.

ता. क. दोन. भगवानरावांना हे कळलं. सोमवारी शाळेत माझा 'धन्य माता' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. काय लिहायचं ते सोमवारच्या आत लिही.

ता. क. तीन, सकाळी. पाकीट चिकटवण्याआधी जीवनला विचारलं, हे इतके दिवस पोटात का ठेवलंस? म्हणाला, "तू उपासावर हायेस म्हनून सांगता आलं आई. एरवी तू कोनाले पुरं बोलू देते का?" मला फार रडू आलं, दादा. त्याला पाठवायचं नाहीच मला. पण जागा भरल्या असं खोटं लिहू नकोस. 'एक वर्ष थांब', एवढंच त्याला कळव. अजून त्याला काय काय सांगायचं राहिलंय, ते मला ऐकायचं आहे.